तिसरं घर रिकामं होतं

लताबाई फिरके मुद्दाम धुळ्याला आल्या. जळगावात त्यांना ओळखणारे पुष्कळ होते, भुसावळला नातलग होते. धुळ्यात कुणी नव्हतं.

सायकलच्या दुकानावरच्या माडीवर पितांबर खैरनारांचं ऑफिस होतं. खैरनार पूर्वी विमा कंपनीचे सर्व्हेयर. जळालेल्या कापसाच्या जिनिंगा आणि बुडालेले ट्रक तपासून तपासून त्यांना माणसं वाचायची सवय लागली, आणि नोकरी सोडल्यावर त्यांनी खासगी तपासाचं तेवढंच काम ठेवलं. समोरच्या खुर्चीत बहुतेक वेळा झुलाल बोरसे असत. एसटीतले निवृत्त कंडक्टर, खैरनारांचे शाळेपासूनचे मित्र.

लताबाई बसल्या, पण डोक्यावरचा पदर हातातून सोडेनात.

"माझी फैजपूरजवळ केळीची रोपवाटिका आहे," त्या म्हणाल्या. "टिश्यू कल्चरची. शेडनेटची, सावलीच्या जाळीखालची, पाच घरं. कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लागवडीसाठी, रोपं तयार झाली होती, शेतकरी खड्डे करून बसले होते. गेल्या बुधवारी दुपारी बाया आत गेल्या तर सगळी रोपं माना टाकून पडलेली."

"कशाने?"

"ॲसिडने. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतात, ते ॲसिड सोडून धुवावे लागतात. तिसरं घर रिकामं होतं. रोपं नव्हती म्हणून तिथे मंगळवारी चांगलं कडक ॲसिड सोडायचं ठरलं होतं. रहीमने ते पाचही घरांना सोडलं."

"रहीम कोण?"

"व्हॉल्व्ह तोच बघायचा. माझ्या मिस्टरांच्या वेळेपासून." लताबाईंचा आवाज खाली गेला. "मी त्याला त्याच संध्याकाळी काढून टाकलं."

"तो काय म्हणाला?"

"चुकी माझीच, म्हणाला. एवढंच. हात जोडले आणि निघून गेला. आता भाऊजी, म्हणजे माझे दीर वना फिरके, म्हणतात की पोलिसांत द्या, हे मुद्दाम केलंय. पण तसं नाव एकदा लागलं की गावात ते पुसत नाही. मला आधी खात्री पाहिजे."

"काढून टाकलंत तेव्हा खात्री होती?"

लताबाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

खैरनारांनी विषय बदलला. "कुठल्या घराला काय सोडायचं, ते त्याला कोण सांगायचं?"

"तक्ता असतो. आडव्या पाच ओळी, पाच घरांच्या. उभे सात रकाने, वारांचे. पाण्याला पी, खताला के, ॲसिडला ए. पूर्वी आमचे हे हाताने आखायचे. आता माझा पुतण्या हेमराज कॉम्प्युटरवर काढतो, वनाभाऊजींचा मुलगा. पुण्याहून आलाय. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून पायथन नावाची भाषा शिकला. मला म्हणाला, काकू, एक ओळ लिहायची, गुणिले पाच करायचं, एका झटक्यात अख्खा तक्ता. मग हवा तो चौकोन बदलायचा. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याचा नवा तक्ता लावला होता."

"तो तक्ता तुम्ही पाहिलात?"

"बुधवारी संध्याकाळी. पंपाच्या खोलीत भिंतीवर होता. ए फक्त तिसऱ्या घरापुढे होता. रहीमलाही दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, आणि मग म्हणाला, चुकी माझीच."

त्या गेल्यावर झुलालांनी खुर्ची मागे सरकवली. "यानामा शोधानं काय शे? बठ्ठं त्यानंच करेल शे."

"सगळं त्यानेच केलं? तो कबूल झाला म्हणून?"

"मग!"

खैरनार नुसते हसले आणि उद्याच्या बसची वेळ विचारली.

*

पारोळा, जळगाव, भुसावळ करत दोघं फैजपूरला पोहोचले तेव्हा ऊन चढलं होतं. फाटकाशी वना फिरके उभे होते. उंच, पांढरा सदरा, बोलण्यात घाई.

"यात बघायचं काय आहे?" ते म्हणाले. "माणूस कबूल झालाय. माझी वहिनी उगाच हळवी होते."

"ॲसिडच्या कोठीची किल्ली कुणाकडे असते?"

"एक रहीमकडे होती. एक माझ्याकडे." वनांचा चेहरा ताठ झाला. "मी कशाला माझ्याच घरची रोपं मारू?"

"तुम्ही मारलीत असं मी म्हटलं नाही. घरं दाखवा."

पहिल्या घरात रोपं काळी पडून पिशव्यांतच चिकटली होती. दुसऱ्यात तसंच. चौथ्या आणि पाचव्यातही तेच. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.

तिसरं घर मोकळं होतं. खाली पांढरी वाळू पसरलेली, वर ठिबकच्या नळ्या. खैरनार उकिडवे बसले. प्रत्येक तोटीखाली वाळूवर रुपयाएवढा निळसर डाग होता.

"हे काय?"

"खताचा रंग," वना म्हणाले. "आमचं विरघळणारं खत निळं येतं."

"जुना डाग असेल. रोपं होती तेव्हाचा."

"जुना कसा असेल? ॲसिड सोडायच्या आदल्या दिवशी मी स्वतः उभं राहून जुनी वाळू काढली, नवी टाकली. तापीची आहे, धुतलेली."

"त्या आठवड्यात खत कुठल्या घराला होतं?"

"पहिल्या. बुधवारी. तिथली रोपं लहान होती."

खैरनारांनी बोट वाळूवर टेकवलं, बघितलं आणि रुमालाला पुसलं. झुलालही वाकून बघून आले, पण त्यांना निळ्या वाळूपलीकडे काही दिसलं नाही.

पंपाची खोली फाटकाशेजारीच होती. पाचही घरांचे व्हॉल्व्ह तिथेच ओळीने बसवलेले. व्हॉल्व्ह फिरवायला आत शेडनेटमध्ये जावंच लागत नव्हतं.

*

खताच्या कोठीत भागाबाई पिशव्यांत माती भरत होत्या. खताची पोती त्यांच्या ताब्यात.

"रहीमभाऊ माणूस कसा होता?" खैरनारांनी विचारलं.

"सरळ." त्यांनी हात थांबवले नाहीत. "लताअक्का जे बोलायले नको होतं ते बोलल्या."

"काय बोलल्या?"

भागाबाईंनी दाराकडे पाहिलं. "बठ्ठ्या बायांसमोर बोलल्या. 'तुम्ही लोक असेच.' तो खाली पाहून उभा राह्यला. आमालेच लाज वाटली."

खैरनार एका पोत्यावर बसले. मग विचारलं, "बुधवारी खत किती दिलंत?"

"तेच तं! दरवेळी एक पोतं पुरते. बुधवारी सकाळीच रहीमभाऊ आला, म्हने, आज जादा लागते, पाची घरांले आहे. मी म्हटलं, रिकाम्या घराले बी? तो म्हने, मले बी इचारावं वाटलं, पन तक्त्यात तसंच आहे."

"आणि दुपारी रोपं पडलेली दिसली, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"अठीच. बठ्ठे पळाले घरांकडे. मी कोठीले कुलूप लावत होती. तिकडे हापिसात ते छापायचं मशीन कर्रकर्र वाजू राह्यलं होतं. मनात म्हटलं, आग लागो त्या मशीनले, अठी रोपं मरू राह्यली आन् याचं काय चाललंय!"

बाहेर आल्यावर झुलाल म्हणाले, "खत जास्त मागं. म्हणजे चोरी बी करे का काय?"

"चोरलेलं खत वाळूत कोण ओतेल, झुलाल?"

*

हेमराज ऑफिसात होता. पंचविशीच्या आतला, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. टेबलावर संगणक, शेजारी प्रिंटर. वडील दारात येऊन उभे राहिले तसा तो खुर्चीत सावरून बसला.

"तुमचा तक्ता कसा होतो ते दाखवा," खैरनार म्हणाले. "आम्हाला यातलं काही कळत नाही."

"सोपं आहे." हेमराजचा आवाज आधी घोगरा निघाला, मग सवयीने मोकळा झाला. "ही यादी. यादीच्या आत परत याद्या. बाहेरची यादी म्हणजे पाच घरं, आतली प्रत्येक यादी म्हणजे त्या घराचे सात वार. सुरुवातीला सगळीकडे पाणी भरायचं. मग एक चौकोन बदलायचा असेल तर आधी घराचा नंबर, मग वाराचा. तिसरं घर, मंगळवार, तिथे ए. पहिलं घर, बुधवार, तिथे के. झालं."

पडद्यावर ओळी होत्या. खैरनारांनी चष्मा लावला. "ही चार-पाच ओळींची भानगड कशाची?"

"ती फेरी आहे. पाच वेळा फिरते. दर वेळी सात चौकोनांची नवी ओळ तयार करते आणि तक्त्याला जोडते."

"दर वेळी नवी?"

"हो." हेमराजने पटकन स्क्रीन वर सरकवली.

"नंबर एकपासून मोजायचे?"

"नाही. शून्यापासून. तिसरं घर म्हणजे दोन."

झुलालांनी खैरनारांचा दंड धरला. त्यांना बाहेर नेऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "सापडनं! तीनऐवजी दोन. नंबरमा घोळ व्हयना."

"चांगला विचार केलास. पण नंबर चुकला असता तर तिसऱ्याऐवजी चौथं घर जळालं असतं. एकच. आणि तिसरं वाचलं असतं. इथे सगळी जळाली."

झुलालांचा चेहरा उतरला. दोघं परत आत आले.

"रोपं पडल्याचं कळलं तेव्हा तुम्ही कुठे होता?" खैरनारांनी विचारलं.

"सगळ्यांबरोबर. घराघरातून धावत होतो."

"शेवटचं. रहीमने तक्त्याबद्दल कधी काही विचारलं होतं?"

हेमराजने मान फिरवली. "मी पुण्याहून आलो तेव्हा, एकदा. या मशीनचं चुकलं तर काय करायचं, म्हणून. मी हसलो. म्हटलं, मशीन चुकत नाही, चाचा, माणूस चुकतो."

*

रहीमचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दार त्याच्या बायकोने, हसीनाबींनी उघडलं. आधी त्यांनी नकार दिला. आलेले पोलिसांचे नाहीत, हे दोनदा ऐकल्यावर बाजूला झाल्या.

रहीम भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, सुकलेला. तो कुणाकडे बघत नव्हता.

"घराबाहेर पडले नाहीत," हसीनाबी म्हणाल्या. "मशिदीत बी जात नाहीत. लोक काय म्हनतील म्हनून."

"रहीमभाऊ, तक्त्यात काय होतं?"

"मले पाची घरांपुढे ए दिसला. खालपासून वरपर्यंत." त्याने बोटाने हवेत उभी रेघ ओढली. "मंगळवारी. आन् बुधवारी पाचीपुढे के. मी दोनदा पाहिलं. मंग संध्याकाळी अक्कांनी दाखवलं तं एकेकालेच होतं." तो थांबला. "डोळे गेले असतील. नाहीतर डोकं. आमच्या वालिदचं बी म्हातारपनी असंच झालं होतं. पोरासारखी वाढवली होती ती रोपं. माझ्या हातानं मारली."

"तुम्हाला अक्कांचा राग नाही आला?"

"राग कायचा? माझ्याच हातानं व्हॉल्व्ह फिरवले."

गल्लीत बाहेर आल्यावर झुलाल बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "हाऊ मानूस खोटं बोलत नही."

"नाही. मुद्दाम करणारा घाबरलेला असतो. हा माणूस शरमेने बसलाय. आणि आणखी एकजण तसाच बसलाय, फक्त तो दाढी वाढवून कॉम्प्युटरसमोर बसलाय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी खैरनारांनी सगळ्यांना रोपवाटिकेच्या ऑफिसात बोलावलं. लताबाई, वना, भागाबाई, हेमराज. झुलाल दाराशी उभे राहिले.

"कुणी मुद्दाम केलं असेल, तर प्रश्न एकच," खैरनारांनी सुरुवात केली. "रिकाम्या घराला खत का घातलं? तिसऱ्या घरात नव्या वाळूवर निळे डाग आहेत. वाळू सोमवारी टाकली, म्हणजे डाग नंतरचे. बुधवारचे. ज्याला रोपं मारायची तो दुसऱ्या दिवशी उठून वाळूला खत का देईल?"

वनांनी लताबाईंकडे पाहिलं.

"बरं, रहीमची नजर चुकली म्हणू. पण मग ती मंगळवारी चुकली तशीच बुधवारीही चुकली. दोन्ही वेळा पाचही घरं, आणि दोन्ही वेळा बरोबर वार. नजर अशी नेमकी चुकत नाही. भागाबाईंनी विचारलं तेव्हाही तो म्हणाला, तक्त्यात तसंच आहे. तेव्हा रोपं पडल्याचं त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. सबब सांगायचं कारणच नव्हतं."

"पण तक्ता मी माझ्या डोळ्यांनी पाहिला," लताबाई म्हणाल्या.

"तुम्ही दुसरा पाहिलात. पहिला दुपारी काढून टाकला गेला. सगळे रोपांकडे धावले तेव्हा प्रिंटर चालू होता. भागाबाईंनी ऐकलाय." खैरनारांनी मान वळवली. "हेमराज, तुम्ही म्हणालात की तेव्हा घराघरातून धावत होतात. मग मशीन कुणी चालवलं? इथे दुसऱ्या कुणाला ते येत नाही."

हेमराजने प्रिंटरकडे पाहिलं.

"आणि काकूंना तुम्ही सांगितलं होतं, एक ओळ लिहायची आणि गुणिले पाच. काल पडद्यावर मात्र दर वेळी नवी ओळ बनवणारी फेरी होती. लांबलचक. सोपं सोडून तुम्ही अवघड का केलंत? मला कॉम्प्युटर कळत नाही. गुणिले पाच म्हणजे पाच निराळ्या ओळी, की एकाच ओळीकडे दाखवणारी पाच बोटं, एवढंच बघायचंय. ती जुनी ओळ लिहून दाखवा."

हेमराज हलला नाही.

"लिही," वना म्हणाले. त्यांना अजून मुलाची बाजू खरी ठरेल असं वाटत होतं.

हेमराजने कीबोर्ड ओढला. दोनदा अक्षरं चुकली, दोनदा खोडली.

takta = [['P'] * 7] * 5
takta[2][1] = 'A'

"एकच चौकोन बदललाय ना?" खैरनारांनी विचारलं. "तिसरं घर, मंगळवार?"

"एकच."

"आता पाचही ओळी दाखवा."

पडद्यावर एकाखाली एक पाच ओळी उमटल्या. प्रत्येकीत दुसऱ्या जागी ए होता. वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ.

भागाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण रेघ त्यांनाही दिसली.

"पाच ओळी नव्हत्याच," हेमराज म्हणाला. तो पडद्याशीच बोलत होता. "एकच ओळ होती. गुणिले केलं की नवी ओळ बनत नाही, तीच पाचदा लावली जाते. एकीत बदललं की सगळ्यांत बदलतं. मला माहीत नव्हतं. छापलं आणि न बघता रहीमचाचांच्या हातात दिलं. बुधवारी रोपं पाहिली, धावत येऊन तक्ता पाहिला, आणि मला कळलं."

"मग बोलला का नाहीस?" लताबाईंनी विचारलं.

"बोलणार होतो. आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं वाटलं. पुण्यात नोकरी टिकली नाही, आणि आल्या आल्या हे. बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, मुलाने कॉम्प्युटरवर बाग चालवली म्हणून." त्याने कीबोर्ड बाजूला सारला. "संध्याकाळी तुम्ही चाचांना बोललात. आणि चाचा स्वतःच म्हणाले, चुकी माझी. मग माझं तोंडच उघडेना."

वना फिरके खाली बसले. आठवडाभर ज्या माणसाला तुरुंगात घालायला ते निघाले होते, त्याचं नाव त्यांना उच्चारवेना.

लताबाई मात्र उभ्याच होत्या. "तू चूक लपवलीस," त्या हळूच म्हणाल्या. "पण 'तुम्ही लोक' हे तुझ्या मशीनने छापलं नव्हतं. ते माझ्या तोंडून आलं." त्यांनी चपला घातल्या. "चल."

*

भर दुपारी लताबाई गल्लीतून चालत गेल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी मागे केला होता. मागे हेमराज, त्यामागे वना. ओट्यांवर माणसं उभी राहिली. खैरनार आणि झुलाल कोपऱ्यावरच थांबले.

रहीम दारात आला. लताबाईंनी सगळं सांगितलं, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं. तक्ता चुकीचा होता. तुम्ही तक्त्यात होतं तेच केलंत. मी जे बोलले ते बोलायला नको होतं, आणि ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोरही उद्या सांगणार आहे.

रहीमने आधी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो हसीनाबींकडे वळला. "ऐकलं? डोळे बरे आहेत माझे." आणि दाराच्या चौकटीला धरून तो रडायला लागला.

बऱ्याच वेळाने त्याने तोंड पुसलं. हेमराज समोर मान खाली घालून उभा होता.

"हेमूभाऊ, तुमाले कधी समजलं?"

"बुधवारी. दुपारी."

"दुपारी," रहीम म्हणाला. "आन् अक्कांनी मले हाकललं संध्याकाळी."

"हो, चाचा."

रहीमने मान हलवली. आवाज चढवला नाही.

"म्हंजे येळ होता."

हेमराज तिथेच ओट्याखाली बसला. वडील त्याला उठवायला वाकले, पण त्यांचा हात पुढे गेला नाही.

लताबाईंनी रहीमला परत कामावर यायला सांगितलं. तो नाही म्हणाला. भांडून नाही, समजावून. सावद्याच्या एका बागेत व्हॉल्व्हचं काम मिळेल, तिथे जाईन म्हणाला. तुमच्या पंपापाशी उभा राह्यलो तर हात थरथरतील. हसीनाबींनी सगळ्यांना पाणी आणलं. लताबाईंनी पेला घेतला, एकच घोट घेतला. त्या पेला हातात धरून उभ्या राहिल्या, आणि हसीनाबी तो परत मागायचा की नाही, या विचारात समोर उभ्या राहिल्या.